अप्पांच्या नावानं भावाची कोलोनोस्कोपी

टेबलावरचा माणूस आपला पेशंट नाही, हे मला कॅमेरा आत गेल्यावर कळलं.

फाइल होती लोहाऱ्याच्या काशिनाथअप्पांची. सहा महिन्यांपूर्वी मीच त्यांच्या मोठ्या आतड्यातला पॉलिप काढला होता. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. राहिला तर काहींचा पुढं कॅन्सर होतो. अप्पांचा एवढा मोठा की तुकड्यातुकड्यानं काढावा लागला. जागा पुन्हा सापडावी म्हणून शेजारी काळ्या शाईची खूण केली. ती शाई जात नाही.

फॉलोअपचं सांगितलं तेव्हा अप्पांनी फोनवर घासाघीस केली होती.

"मॅडम, संडासच्या तपासणीवर भागंल का?"

"नाही."

"मग सीटी स्कॅन?"

"नाही अप्पा. बारीक चपटा तुकडा राहिला असेल तर त्यात दिसेलच असं नाही. कॅमेराच घालावा लागतो."

आणि आता आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, तरी खूण नाही.

"सिस्टर, शाई कुठाय?"

उत्तर टेबलावरून आलं. भुलीचं इंजेक्शन त्यानं नको म्हटलं होतं. "मॅडम, म्या महालिंग. अप्पाचा धाकटा भाऊ."

"अहो, मग अप्पा कुठायत?"

"भाईर बसलेत की. भाऊ म्हणला जा, म्या आलो."

माझं डोकंच फिरलं. या भल्या माणसानं भावासाठी जुलाबाचं औषध पिऊन रात्रभर संडासच्या वाऱ्या केल्या होत्या. सिस्टरनं नाव विचारलं तेव्हा बिनदिक्कत "काशिनाथ" म्हणाला होता. मी कॅमेरा मागं घ्यायला लागले. निम्म्यात आले आणि थांबले. आत जाताना आतड्याच्या घडीआड राहिलेला आता दिसला: महालिंगलाही पॉलिप होता. चांगला बोराएवढा.

बाहेर अप्पा भजी खात होते.

"अप्पा, हे काय केलंत?"

त्यांनी भजी खाली ठेवली. "भ्यालो व्हतो, मॅडम. गेल्या टायमाला गाठ निघाली. यंदा कॅन्सर निघाला तर? ह्याला कसलाच आजार न्हाय. म्हणलं, ह्याचा चांगला रिपोर्ट माझ्या फायलीला लागंल. जिवाला तेवढंच बरं वाटंल."

"त्यालाही गाठ आहे."

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्या त्याला आणलं आन्‌ त्यालाच?" म्हणत ते बाकावर बसून हमसाहमशी रडायला लागले. मला रागवायचं होतं, ते राहूनच गेलं. सख्ख्या भावाला मोठा पॉलिप निघाला तर बाकीच्या भावंडांनीही तपासून घ्यावं, हे तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं. चूक माझीही होती.

महालिंगचा पॉलिप दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वतःच्या नावाच्या कागदावर काढला. लॅबनं सांगितलं, कॅन्सर नाही, पण त्या वाटेला लागला होता. पुढच्या आठवड्यात अप्पा स्वतः आले, औषध स्वतः प्यायले. शाई जागेवर होती, भोवती सगळं स्वच्छ.

"बगा," अप्पा उठता उठता म्हणाले, "म्या धाडलं म्हणून ह्याचं सापडलं!"

तेव्हापासून मी कॅमेरा हातात घ्यायच्या आधी पेशंटचं तोंड बघते. आमच्या कामात नेमकं तेवढंच बघायचं राहून जातं.