टोपीखालचा खुळखुळा

खैरनार मॅडम लहान मुलांशी उभ्याने कधी बोलत नसत. साडीचा घोळ आवरून आधी जमिनीवर बसायच्या. देवळाली कॅम्पच्या बसस्टँडवरही मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं आहे. "मुलाच्या डोळ्यांपुढे आपले गुडघेच असतील, तर ते आपल्याशी काय बोलणार?" म्हणायच्या.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या कॉलेजात त्या आम्हाला विकासाचं मानसशास्त्र शिकवत. आधी बालवाडी चालवली, मग पुण्याला एम.ए. केलं. भाजी पिकवणाऱ्या घरांतली मुलं खेळताना कसा विचार करतात, यावर त्यांची पीएच.डी. होती. वर्गात कोणी एखाद्या मुलाला मठ्ठ म्हटलं की त्या थांबवायच्या. "मठ्ठ नाही. अजून तिथवर आलं नाही, एवढंच म्हण."

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, आणि बी.ए. झाल्यावर माझंही शिक्षण थांबणार होतं. हे कळल्यावर मॅडम चांदवडला घरी आल्या. माझे वडील, आप्पा, म्हणाले, "पोरं आपोआप वाढतात, मॅडम. त्यात अजून दोन वर्षं काय शिकायचं हाय?"

मॅडमनी वाद घातला नाही. ओसरीवर माझ्या भावाचा सात महिन्यांचा मुलगा खेळत होता. त्याच्या देखत त्यांनी खुळखुळा आप्पांच्या टोपीखाली ठेवला. "शोधेल?"

"शोधील की. माझा नातू हाय."

बाळाने टोपीकडे पाहिलंसुद्धा नाही. आप्पांचा चेहरा उतरला. "डोक्यानं कमी हाय का?"

"मुळीच नाही. जे दिसत नाही, ते त्याच्या लेखी नाहीच. एक दिवस त्याला कळेल. तो दिवस तुम्ही बघा."

आप्पा रोज टोपी काढून बाळासमोर बसू लागले. वहिनी हसायची, "आप्पा, कांदा कोण निवडायचा?"

काही आठवड्यांनी ते सकाळच्या एस.टी.ने नाशिकला आले आणि थेट स्टाफरूमच्या दारात उभे राहिले, बोडक्या डोक्याने. "मॅडम, उचलली त्यानं टोपी. आता सोडत नाय." मी मॅडमच्या टेबलाशी उभी होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "असलं अजून लय असंल ना? हिला शिकवा."

पुढे दरवर्षी मॅडम ही गोष्ट वर्गात सांगत. निवृत्तीच्या समारंभातही त्यांनी तीच सांगितली आणि मला शेजारी उभं करून म्हणाल्या, "माझा विषय आता ही शिकवणार."

टाळ्या चालू होत्या. आप्पा शेजारच्या अनोळखी प्राध्यापकांना हळूच सांगत होते, "ती टोपी माझी."