साबणाच्या डबीतला श्वास

हे लिहिणारच नव्हते मी. तीनदा टाईप केलं, तीनदा उडवलं. ‘मी’ लिहिलं की बोटं अडकतात, म्हणून ज्या मुलीनं हे सगळं केलं तिला अक्षया म्हणते आणि एका दमात सांगून टाकते. तशी गोष्ट तिची नाहीच, आप्पांची आहे.

आप्पा म्हणजे नरहरी आप्पा, अक्षयाच्या आजोबांचे धाकटे भाऊ. गोखिवऱ्यात राहतात. सकाळी केळींना पाणी सोडायचं आणि मग सायकल मारत वालीवच्या गाळ्यात, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करायला. तेहतीस वर्षं हेच. भजनी मंडळाचा अँप्लिफायर बसला, गणपतीत स्पीकर फाटका वाजायला लागला की आप्पांना बोलवा. कान असा तिखट की नुसता पंखा ऐकून सांगायचे, याचं बेअरिंग चाललं.

सुभद्रा आजी त्यांची बायको. घराण्यात कुणाचीही हळद असो, गाणं आजीचंच. हळद कुटताना आजी एक ओळ सोडणार आणि बाकीच्या बायका पुढची झेलणार. ढोलकी नाही, पेटी नाही. आजी ओळ संपवून एक श्वास घ्यायची, जरा घासल्यासारखा, आणि त्या श्वासावर वीसजणी एकदम उचलायच्या. कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण कधी चुकलेलं नाही.

आजी आजारी पडली तेव्हा आप्पांनी तिची गाणी टॅबवर रेकॉर्ड केली. आजीच्या हातात सवयीचं मुसळ, पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारचा कोंबडा टोपलीखाली. आजी वैतागली, “मी मरताना पन असंच सगळं बंद करून बसनार काय?”

“तेव्हा कोंबड्याला सोडेन,” आप्पा म्हणाले.

आजी जाऊन दोन वर्षं झाली आणि क्षितिजाचं, म्हणजे त्यांच्या नातीचं, लग्न ठरलं. आप्पांनी एकच मागितलं. हळदीला सुभद्रेचा आवाज लावायचा आणि बायकांनी झेलायचा. त्यासाठी त्यांनी चार महिने खपून एक डबी बनवली. प्रवासात नेतो ना, तसली गुलाबी साबणाची डबी, आत हिरवं सर्किट, एक वायर टॅबला, दुसरी अँप्लिफायरला, वरून काळी चिकटपट्टी.

“टॅबमध्ये गाणं आकड्यांत असतं,” त्यांनी अक्षयाला सांगितलं. “त्या आकड्यांचा आवाज करायचं काम टॅब आपला घाईघाईत उरकतो. ही डबी तेच निगुतीनं करते.”

“आप्पा, ब्लूटूथ आहे की! वायर कोण लावतं आता?”

“वायरीतून आवाज चालत येतो गं. ब्लूटूथवर उडत येतो. उडताना पिसं गळतात, आणि आधी गळतात ती बारीक पिसं. मला तिचा श्वास हवाय.”

तीन रविवार त्यांनी अक्षयाकडून सराव करून घेतला. डबी लाव, आवाज बेताचा ठेव, मग बटण दाब. “टेन्शन नका घेऊ आप्पा, सगळं मी बघते,” ती म्हणाली. अक्षयाला असं पटकन बोलून टाकायची सवयच आहे.

हळदीच्या दिवशी झेंडूच्या माळा, पितळी उखळ, फोटोसाठी पिवळी छत्री. सासरची माणसं ठाण्याची, एकदम टापटीप. फोटोग्राफर पियुष अक्षयाच्याच कॉलेजचा. तो कॅमेऱ्यातून बघत ओरडला, “ए अक्षया, हे काय, आंघोळीचं सामान? फ्रेममध्ये येतंय यार!”

सासरच्या दोन मुली फिस्सकन हसल्या.

अक्षयाचे कान तापले. विचार वगैरे काही नाही, सरळ हात गेला. वायर ओढली, डबी टेबलाखाली सरकवली, टॅब फुलांच्या मागे लपवला. साउंडवाला जॅक्सन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला ती म्हणाली, “ब्लूटूथ कनेक्ट कर ना.”

“अगं, मध्ये एवढी पब्लिक आहे, तुटेल आवाज. आणि तुझ्या आप्पांनी मला दहा वेळा बजावलंय...”

“कर रे, मी सांगते ना!”

आप्पा पांढरा शर्ट घालून स्पीकरशेजारी खुर्चीत बसले होते, तळहात स्पीकरच्या लाकडावर ठेवून. ते सगळं त्यांच्या पाठीमागे झालं.

गाणं सुरू झालं. “केळीच्या सावलीला गं, हळद वाळत घातली...” आणि खट्. बारीकशी तूट. श्वासाच्या जागी नुसती पोकळी. एरवी सगळ्यांत आधी झेलणारी सुनंदा मावशी तोंड उघडून थांबली. “कुठे उचलायचं गं?” तिनं शेजारणीला विचारलं, तोवर आजी पुढच्या ओळीवर गेलेली. दुसऱ्यांदा बायका आधीच शिरल्या आणि आजीच्या आवाजावर पडल्या. तिसऱ्यांदा कुणीच काही म्हटलं नाही. मांडवात आजी एकटीच गात होती, तुटत तुटत. मुसळंही थांबली. पियुषनं ‘बदला हे’ म्हणून हात फिरवला, जॅक्सननं अक्षयाकडे एकदा बघितलं आणि डीजेचं गाणं लावलं. सगळे नाचायला लागले.

आप्पा उठून आले. “डबी तापली होती का गं?”

आता सांगायचं होतं. एवढंच सांगायचं होतं.

“हो आप्पा,” अक्षया म्हणाली. “बहुतेक.”

“तरी मला वाटलंच. जोडणी कच्ची राहिली असणार.” त्यांनी टेबलाखालून डबी काढली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. वायर निघालेली आहे, हे त्यांनी बघितलं की नाही, तिला अजून माहीत नाही.

तीन आठवडे ती गोखिवऱ्याकडे फिरकली नाही. आप्पांचा फोन आला की सायलेंट. शेवटी आईच म्हणाली, “आप्पा जेवणखाण सोडून ती डबी उसवत बसलेत. जा जरा बघून ये.”

गेली. टेबलावर डबी उघडी, चार सर्किटं पसरलेली, भिंग, सोल्डरचा वास. आप्पांची बोटं दोन ठिकाणी भाजलेली.

“बरं झालं आलीस. तुझे कान दे जरा.” त्यांनी तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला. “येतोय का श्वास?”

ओळ संपली आणि आजीनं श्वास घेतला. इतका जवळ, की अक्षयानं मान वळवून बघितलं. मागे बांगडी मुसळाला लागल्याचासुद्धा आवाज होता.

“येतोय.”

“मग त्या दिवशी काय झालं? चारदा बदललं सगळं, चूक सापडत नाही.”

तेव्हा तिनं सांगितलं. भराभरा सांगितलं, रडत, अर्धे शब्द गिळत. पियुष, फ्रेम, वायर, सगळं.

आप्पांनी भिंग पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “मला सांगायचं ना गं. स्टीलचा डबा आणला असता.”

अक्षयाला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारायची होती.

“मला तो श्वास आता ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “वर्ष झालं. डॉक्टर म्हणतो, बारीक आवाज गेले, जाडे राहिलेत, तेही किती दिवस सांगता येत नाही. बायकांनी झेललं असतं तर मला कळलं असतं, बरोबर लागलंय. मला वाटलं, मीच तिला नीट आणू शकलो नाही.”

मग चहा टाकायला उठले. अक्षयानं तिथल्या तिथे झेलून बघितलं, “हळद वाळत घातली गं, नवरीच्या नावानं.” आप्पांची तिच्याकडे पाठ होती, त्यांनी चहाचं भांडंही खाली ठेवलं नाही. एका बारीक आवाजानं त्यांच्यापर्यंत गाणं पोचत नाही. बऱ्याचजणी लागतात.

सुनंदा मावशीला विचारून झालंय, ती येते म्हणाली. म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात आई, आत्या, मावशी, कुणालाही ही दुसरी ओळ येत असेल तर तिला आजीच्या आवाजावर झेलायला घेऊन आप्पांकडे जा. गोखिवऱ्यात कुणालाही विचारा, स्पीकरवाले आप्पा म्हणून. चारनंतर घरीच असतात. फोन, टॅब काही नेऊ नका, डबी तयार आहे. फक्त लवकर जा, त्यांना ऐकू येतंय तोवर.