दर महिन्याला कमी होणारे अपघात

नोकरीत असताना जे बोलता येत नाही ते माणसाच्या घशाशी अडकून बसतं. पेन्शन सुरू झाली की एकेक वर यायला लागतं. मग चार टाळकी जमली की मी सांगत बसतो आणि मंडळी हसतात. 'काय मजेशीर होती हो तुमची कचेरी!' म्हणतात. मजेशीर कसली डोंबलाची! मला आजही आठवलं की हात शिवशिवतात. पण हसा तुम्ही. माझं काम सांगायचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि पुढं काही वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका फौजदार कचेरीत कारकून होतो. आष्ट्याकडून सांगलीला जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा आमच्या हद्दीत यायचा. दर महिन्याच्या शेवटी मोटार अपघातांचा तक्ता करून वर पाठवायचा, हे माझ्याकडचं काम. गेल्या महिन्यात किती, या महिन्यात किती, फरक किती. तक्ता साधाच होता. पण खाली बारीक अक्षरात एक ओळ छापलेली होती: 'वाढ असल्यास कारणांचा खुलासा जोडावा.'

त्या ओळीनं माणसं मारली! आमचे फौजदारसाहेब चोराला भ्यायचे नाहीत, दरोडेखोराला भ्यायचे नाहीत, पण खुलाशाचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. महिना संपत आला की माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. 'भाऊसाहेब, वाढ दिसता कामा नये.' आणि दिसायची नाही. आमच्या तक्त्यात अपघात दर महिन्याला कमीच व्हायचे. अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर मोटारींनी मेलेली माणसं उठवायला सुरुवात केली असती!

त्याच रस्त्यावर एक ओढा होता. उतार, उताराच्या तळाशी वळण आणि वळणावरच ओढ्याची फरशी. फरशी म्हणजे दगडांचा बसका पूल, दोन्ही बाजू उघड्या, कठडा नाही. काठावरच्या वाडीला रानात जायची वाट तीच. वाडीचे पोलीस पाटील होते येसू पाटील. गावात काही बरंवाईट झालं की कचेरीत येऊन वर्दी द्यायची, हे त्यांचं काम. प्रत्येक अपघाताला ते तीन कोस चालत यायचे, वर्दी लिहून द्यायचे आणि उठताना विचारायचे, "भाऊसाहेब, आमच्या कठड्याचं काय झालं?"

रस्त्याच्या खात्याचं उत्तर ठरलेलं असायचं. जिथं अपघात वाढतात तिथंच कठडा बांधायचा. वाढतात की नाही, हे ते कुठं बघणार? माझ्या तक्त्यात!

* * *

लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी कोळशावर चालायच्या. गाडीच्या मागं एक पिंप उभं केलेलं असायचं. त्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. चढ आला की गाडीचा दम संपायचा. ड्रायव्हर ओरडायचा, "उतरा आन् ढकला!" तिकीट काढायचं आणि वर ढकलायचं!

एकदा ओढ्याच्या अलीकडच्या चढावर इंजिन बंद पडलं. धडधाकट माणसं उतरून ढकलायला लागली, म्हातारी माणसं आत बसून राहिली. गाडी माथ्यावर पोचली आणि पलीकडच्या उताराला जी सुटली ती थेट फरशीवरून ओढ्यात. तासगावच्या एका म्हाताऱ्या पानवाल्याचा खुबा मोडला. तो माणूस पुन्हा कधी उभा राहिला नाही.

आमचे हवालदार दौलतराव पंचनामा करून आले. साहेबांनी एकच विचारलं, "इंजिन चालू होतं का?"

"न्हाई साहेब. मानसांनी ढकलत आनली हुती."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग मोटार अपघात कसा? माणसांनी ढकलली ती हातगाडी! भाऊसाहेब, खोडा!"

मी खोडलं. त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला होता, पण राग आला म्हणून मी लेखणी खाली ठेवली असंही नाही.

* * *

ओढ्याच्या पुढं मैलभरावर आमची हद्द संपायची आणि एका संस्थानाची सुरू व्हायची. मधे एक हद्दीचा दगड. त्या दगडापाशी एका लॉरीनं बैलगाडीला ठोकर दिली. बैल जागच्या जागी मेला, गाडीवानाच्या बरगड्या गेल्या. बैल आमच्या बाजूला पडला होता.

दौलतरावांनी माणसं लावून बैल आणि मोडकी गाडी दगडापलीकडं ओढून नेली. अपघात तिकडचा झाला! हात झटकून ते चहा प्यायला गेले. परत येऊन बघतात तर बैल पुन्हा अलीकडं. संस्थानच्या शिपायांनाही तक्ता भरायचा होताच की! दौलतरावांनी पुन्हा पलीकडं नेला. दिवस मावळेपर्यंत हेच चाललं होतं. दोन्हीकडचे शिपाई घामाघूम, आणि बरगड्या धरून बसलेल्या गाडीवानाला पाणी विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

शेवटी तोच म्हणाला, "आवं हवालदार, माजा बैल मेल्यावर जेवढा चालला, तेवढा जित्तेपनी बी चालला न्हवता!"

* * *

महिन्याच्या अखेरच्या दिवशी अपघात झाला तर साहेबांना फार सोपं जायचं. तो पुढच्या महिन्यात ढकलायचा. पहिल्या तारखेला घडला असं लिहायचं आणि मग पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू.

असाच एक सायकलवाला शेतकरी सर्व्हिस मोटारीच्या धक्क्यानं फरशीवरून खाली पडला. डोकं फुटलं. पट्टी बांधून, त्याच दिवशी बिचारा जबाब द्यायला कचेरीत आला. तारीख एकतीस.

दौलतराव म्हणाले, "आज जबाब घेता येत न्हाई. उद्या या."

"का वं?"

"तुमचा अपघात उद्याचा हाय."

त्या माणसानं डोक्याच्या पट्टीला हात लावला. तिथं रक्त अजून ओलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाला, "मग भाऊसाहेब, उद्या पुन्ना पडाय लागंल का आजचंच चालंल?"

कचेरीत सगळे हसले. मीही हसलो. सांगताना लाज वाटते, पण हसलो.

* * *

लढाई संपली आणि आमच्याकडची पोरं फौजेतून घरी आली. फौजेत लॉरी शिकलेले ड्रायव्हर एकदम रस्त्यावर आले. त्यांना लायसन देताना साहेब काय बघायचे? कचेरीच्या अंगणात एक कडुलिंबाचं झाड होतं. त्याला गाडीनं फेरी मारायची. झाडाला धक्का लागला नाही की पास! साहेबांची खुर्ची त्याच झाडाखाली असायची, त्यामुळं झाडाची काळजी फार.

त्यातल्या एका पास झालेल्यानं बाजारच्या दिवशी लॉरी थेट कुंभाराच्या दुकानात घातली. गाडगीमडकी गेली ती गेली, कुंभाराचा पाय चाकाखाली आला.

साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं, "ब्रेक का मारला नाहीस?"

तो ताठ उभा राहून म्हणाला, "साहेब, मिसरात चार सालं वाळवंटात लॉरी हाकली. तितं समोरनं कुनी येतच न्हवतं!"

"फौजी माणूस आहे. ताकीद देऊन सोडा," साहेब म्हणाले.

कुंभार कचेरीच्या कोपऱ्यात पाय पसरून बसला होता. तो तिथनंच ओरडला, "मग त्यो लिंब उपटून आमच्या आळीत लावा की, साहेब! आमी बी वाचू!"

* * *

असं नाही की ओढ्यासाठी सरकारनं कधीच काही केलं नाही. केलं! एका गोऱ्या साहेबाची मोटार त्या वळणावर घसरली आणि मडगार्ड वाकलं. माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण आठ दिवसांत ऑर्डर निघाली आणि वळणावर लोखंडी खांबाचा बोर्ड उभा राहिला. बोर्ड इंग्रजीत. आणि खांब रोवणाऱ्यानं तोंड रस्त्याकडं करायचं ते वाडीकडं केलं!

येसू पाटलांनी मला विचारलं, "काय लिवलंय वं त्याच्यावर?"

"हळू जा, असं लिहिलंय."

"आमी हळूच जातो की!" पाटील तडकले. "डोक्यावर पाटी, काखंत पोर. आमच्या बाया काय चाळीसच्या स्पीडनं जात्यात व्हय? मोटारीला सांगा!"

बोर्ड फिरवण्यासाठी मी अर्ज लिहिला. उत्तर आलं, बोर्ड लागल्यापासून अपघातांत घट झाल्याचं तक्त्यावरून दिसतं, सबब बदलाची गरज नाही.

* * *

आता शेवटचं सांगतो. हे सांगितल्यावर लोक हसत नाहीत.

पुढं एका वर्षी साहेबांनी एक नवीन शोध लावला. रस्त्यावर मेला तर तो मोटारीनं मेला. दवाखान्यात पोचून मेला तर तो दवाखान्यात मेला, त्याचा आपल्या तक्त्याशी काय संबंध? हुकूम निघाला की जखमी कसाही असो, आधी दवाखान्यात पोचवा. ऐकायला किती दयाळू वाटतं! ज्याला हलवू नये त्यालाही बैलगाडीत घालून, खडखडत, सांगलीपर्यंत न्यायचं.

वाडीतली सोनाबाई खुरपं घेऊन रानात भांगलायला निघाली होती, तिला फरशीवर लॉरीनं उडवलं. पाटील ओरडत होते की डॉक्टरला इथं बोलवा, हलवू नका. दौलतरावांनी ऐकलं नाही. दवाखान्याच्या दारात तिनं मान टाकली. दौलतराव परत येऊन साहेबांना सांगत होते, "उंबऱ्याच्या आत नेली, साहेब. मगच गेली."

महिना संपल्यावर पाटील कचेरीत आले आणि माझ्यासमोर बसले. "सोनाबाईचं नाव कुटं हाय, दावा."

मी त्यांना नियम सांगितला. ते म्हणाले, "पुन्ना सांगा." मी पुन्हा सांगितला.

"म्हंजे रस्त्यावरच मेलं पायजे."

"तक्त्यात यायचं असेल तर, हो."

"आन् तक्त्यात आलं तर कठडा."

"वाढ दिसली तर, पाटील."

"बरं," म्हणाले आणि उठले. त्या दिवशी जाताना त्यांनी कठड्याचं विचारलं नाही. मला वाटलं, माणूस थकला. माझं काय जातंय वाटायला!

पुढचा महिना संपायला दोन दिवस राहिले होते. ऐन दुपारी वाडीतला एक माणूस सायकल मारत कचेरीत आला. फरशीवर लॉरीखाली पाटील सापडले म्हणाला. साहेब फिरतीवर होते, म्हणून दौलतरावांबरोबर कागद घेऊन मीच गेलो.

पाटील फरशीच्या कडेला उताणे पडले होते. कमरेखाली बघवत नव्हतं, पण शुद्धीवर होते. अख्खी वाडी जमली होती. बाज आणलेली होती, आष्ट्याचे डॉक्टर येऊन त्यांच्याजवळ बसले होते. चार माणसं उचलायला वाकली की पाटील आई-बापावरून शिव्या घालायचे आणि फरशीचा दगड दोन्ही हातांनी धरायचे.

डॉक्टर चिडून म्हणाले, "अहो, यांना समजवा. सांगलीला नेलं तर थोडी तरी आशा आहे."

दौलतराव खाली बसले. "पाटील, आवं ऐका माजं. बाजेवर घेतो. सांगलीला नेतो."

"हात लावू नगा. सोनाबाईला नेलीसा तेवढं बास झालं." मग पाटलांची नजर माझ्यावर आली. "भाऊसाहेब, कागद आनलाय न्हवं? वर्दी लिवून घ्या."

"कसली वर्दी, पाटील?"

"पोलीस पाटील मी हाय. वर्दी मीच द्यायची. लिवा. मयत इसमाचं नाव, येसू बाळा पाटील."

"अहो, तुम्ही जिवंत आहात!" डॉक्टर ओरडले.

"डाक्टर, तुमी मदी बोलू नगा. सरकारी काम चाललंय."

मी पेन्सिल काढली. नाव लिहिलं, धंदा लिहिला आणि जागा लिहायच्या रकान्याशी येऊन थांबलो. पाटलांनी मान वळवून कागदाकडं बघितलं.

"थांबला का? फरशी लिवा. ठळक लिवा. आन् म्हयना ह्योच घाला."