व्यासपीठामागचे बोंबील
पाऊस संपून किनाऱ्यावर बोंबील वाळायला लागले की त्या वासाबरोबर मला एक सभा आठवते. गावाचं सक्षमीकरण, नागरिकांचे हक्क, रोजगाराच्या संधी असे विषय होते आणि मांडव घातला होता नेमका आम्हा बायकांच्या वाळवणाच्या जागेत. पुढे तिथे पर्यटकांच्या गाड्या लागणार अशी कुजबुज होतीच. कार्यकर्ते म्हणाले, पाहुण्यांना वास येतो, बोंबील काढा. मी काढले नाहीत. व्यासपीठामागे बांबूंवर ओळीने बोंबील लटकत होते आणि पुढारी रुमालात नाक धरून बोलत होते. त्यातला मोठा पुढारी म्हणाला, "बायांनो, संधी ओळखायला शिका." माझं डोकंच फिरलं. उठून ओरडले, "दादा, आमची संधी तुमच्या पाठीमागं टांगलेली हाय! ही जागा वाळवणालाच र्‍हाईल असं आधी माईकवर बोला, मग म्होरलं ऐकू." हशा पिकला. "बसा मावशी, बघू आपण," दादा म्हणाले. "बघू न्हाय, बोला!" एकेक करत सगळ्या बायका उभ्या राहिल्या, तेव्हा दादांनी शब्द दिला आणि पुढच्या ग्रामसभेत तसा ठराव झाला. जागा राखल्याबद्दल शाल मात्र सरपंचांच्या खांद्यावर पडली. आज त्याच जागेत माझे बोंबील वाळतात. दादा अधूनमधून गाडी थांबवतात आणि म्हणतात, "मावशी, जागा आम्ही राखली, भाव जरा कमी करा." मी विचारते, "शाल आणलीत?" आणि तोच भाव पुन्हा सांगते.