पडद्यावरच्या आरशातला माणूस

हे मी कुणाशी बोलले नाही. यांच्याशी नाही, मुलींशीही नाही. तुम्ही ना माझ्या माहेरचे, ना सासरचे, म्हणून जमेल असं वाटतंय. तरी बघा, चहा निवून गेला आणि माझी सुरुवात काही होत नाही.

सोपं आहे ते आधी सांगते. मला सिनेमातल्या चुका दिसायच्या. राजवाड्याच्या भिंतीवर माइकची सावली, विरहात बुडालेल्या नायिकेमागे दिव्याची वायर. एकदा तर वनवासातल्या झाडाआड कुणाचे तरी बूट! मी खुदकन हसायचे आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंना दाखवायचे. त्या म्हणायच्या, "तुझ्या डोळ्यांना सुटी नाही का गं कधी?"

मी कलकत्त्यातच वाढलेली, आई लहानपणीच गेलेली. हे बदली होऊन आलेले, खिदिरपूरला कस्टम्समध्ये. लग्न होऊन भवानीपूरच्या घरात आले, तेव्हा आईंना, म्हणजे सासूबाईंना, बंगालीचा गंध नव्हता. इथले लोक सिनेमाला 'बोई' म्हणतात, म्हणजे पुस्तक. आई म्हणायच्या, "चल, मला पुस्तक वाचून दाखव." मग अंधारात मी त्यांच्या कानाशी लागून सगळं मराठीत सांगायचे, आणि त्या माझा हात मांडीवर घेऊन बसायच्या. मला तसं कुणी जवळ घेऊन बसलं नव्हतं कधी.

पण त्या मायेवर खरा हक्क दत्तूभाऊजींचा — माझ्या धाकट्या दिरांचा. आमच्या लग्नानंतर वर्षभरातच, यांनी खटपट करून लावून दिलेली नोकरी भाऊजींनी सोडली. सिनेमात जातो म्हणाले. हे कडाडले, "गेलास तर पुन्हा उंबरठा चढू नकोस." भाऊजी गेले, आणि पुढे काही कळलं नाही. आता आमचं मराठी घर! सिनेमा म्हटलं की मुंबई, फार तर कोल्हापूर. आईंनी मुंबईच्या भाच्याला कामाला लावलं, तो बिचारा स्टुडिओ धुंडाळत फिरला. आमच्या खिडकीखालून टॉलीगंजची ट्राम जायची. तिकडेही स्टुडिओ आहेत, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

भाऊजी गेले आणि आई मला 'बाळ' म्हणू लागल्या. दुधावरची साय माझ्या भातावर पडू लागली. मी सुखावले — हो, सुखावलेच. का लपवू?

मग ती दुपार. पडद्यावर नायिका आरशासमोर वेणी घालत होती. आरशाच्या कडेला क्षणभर एक माणूस दिसला. लांब काठीवर माइक धरलेला, मान तिरकी, खालचा ओठ दातांखाली. भाऊजी सुईत दोरा ओवतानाही तसाच ओठ चावायचे. मी ओळखलं. लगेच ओळखलं.

आईंची बोटं माझ्या मनगटात रुतली. "कुमुद, आपला दत्तू ना गं तो?"

काय अवघड होतं 'हो' म्हणायला? मी म्हटलं, "नाही हो आई. कुणी बंगाली दिसतोय. तुमचं मन तिथंच ना, म्हणून वाटतं तुम्हाला."

त्यांना ते पटलं. माझे डोळे किती तिखट, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पुन्हा जाऊ या का तेच बघायला? मी म्हटलं, ते उतरलं. उतरलं नव्हतं.

यांच्या रागाला भ्याले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण हे वरूनच कडक. आईंच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे हे चार दिवस टिकले नसते. खरं कारण — भाऊजी आले की मी पुन्हा नुसती सून होणार होते. एवढंच. एवढ्यासाठी मी एका आईला तिचं मूल दिसूनही दिसू दिलं नाही.

पुढच्या थंडीत आई गेल्या. शेवटपर्यंत 'मुंबईला कळवा' म्हणत होत्या.

कुणाकडून तरी कानावर गेलं आणि भाऊजी आले. टॉलीगंजहून, ट्रामनं. हे त्यांना धरून रडले. नंतर स्वयंपाकघराच्या दारात येऊन भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, एका बोईत मी चुकून आरशात दिसलो होतो. शिव्या खाल्ल्या खूप. पण मनात म्हटलं, बरंच झालं, आई सिनेमा बघते, दिसेन तिला. दिसलो असेन का हो?"

मी म्हटलं, "नाही, भाऊजी. ते बघायचं राहूनच गेलं आमचं."

 ते माझंच सांत्वन करू लागले — "तुम्ही होतात तिच्याजवळ, वहिनी. लेकीसारखं केलंत तिचं."

मी ते ऐकून घेतलं.