सायबाच्या टोपीचा घोर

काळजी करायला माणसाला मुलंबाळं लागतात, शेतीवाडी लागते, निदान कोर्टात एखादा दावा तरी लागतो, हा समज माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी साफ खोटा ठरवला. त्यांना एक टोपी पुरली. वाशीमच्या वेशीबाहेर त्यांचा वांग्यांचा आणि सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मळा होता, विहिरीला बारमाही पाणी होतं आणि घरात मामींसारखी खमकी बाई होती. देवाने काळजीला जागाच ठेवली नव्हती. ती एका गोऱ्या साहेबाने करून दिली. रेल्वेचा रस्ता आखायला आलेल्या ह्या साहेबाच्या बंगल्यावर मामाजी भाजी पोचवत. विलायतेला निघताना त्याने आपली करडी फेल्ट हॅट त्यांच्या हाती दिली, तिची निगा कशी राखायची ते खानसाम्याकरवी समजावलं आणि परत आलो की घेईन म्हणाला. पुढे रूळ पडले, गाड्या धावू लागल्या, साहेब मात्र आला नाही. तरी गाडीची शिट्टी झाली की मामाजी मळ्यातलं काम टाकून घरात येत आणि टोपीचा काठ तपासत. "काठ पडला तं सायेबाले काय तोंड दाखवू, जवाईबापू?" हे मला ते इतक्या वेळा विचारत, की साहेब जणू माझाच सोयरा.

टोपी सशाच्या लवेची होती. लव म्हटली की कसर आली, म्हणून पेटीत कडुनिंबाचा पाला. पाल्याने डाग पडेल, म्हणून पाल्याला फडक्याची पुरचुंडी. आणि पुरचुंडीने काठ दबेल ही धास्ती वेगळीच. उन्हात आतली कातड्याची पट्टी आकसते, पावसात लव बसते, वाऱ्यात टोपी उडते. तेव्हा ऊन, पाऊस आणि वारा नसलेल्या दिवशीच ती डोक्यावर चढे. असे दिवस वाशीमला कितीसे असणार! काठ जरा कुठे लवला की मामाजी तो भाताच्या वाफेवर धरत आणि मामी ओरडत, "अवो, भात शिजू द्या, ते टोपलं काढा तिथून!" सगळ्यात मोठा पेच ब्रशचा. लवेच्या कलाने डावीकडून, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवायचा, असं साहेब सांगून गेलेला. पण उलटी प्रदक्षिणा घालायची कशी? मामाजींची कित्येक दिवस झोप उडाली. शेवटी त्यांनी ब्रश एका जागी धरला आणि त्याच्याखाली टोपीच उजवीकडून फिरवली. साहेबाचा नियम राहिला आणि देवाचाही. एवढी अक्कल त्यांनी दुसऱ्या कशात घातली असती तर, असं मामी म्हणायच्या, आणि पुढचं वाक्य गिळून टाकायच्या.

टोपी खाली ठेवायची तर उताणी, म्हणजे काठावर भार येत नाही. कारंज्याला एका नात्यातल्या मुलीची सुपारी फुटायची होती. मामाजी मोठ्या मानाने बैठकीत बसले आणि टोपी समोर सतरंजीवर उताणी ठेवली. एका म्हाताऱ्या पाहुण्याला वाटलं, इकडची रीत असेल. त्याने आपला विडा तीत ठेवला. वडीलधाऱ्याने ठेवला म्हटल्यावर सगळ्यांनीच ठेवले. मानाचे विडे, काढून टाकणार कसे? चुन्याचा डाग पडेल ह्या धाकाने मामाजी टोपीत डोळे लावून बसले. लग्न ठरलं, गूळ वाटला गेला, आणि नवरदेव कुठला हे त्यांना वाटेत मामींकडून कळलं.

असा हा माणूस. वैशाखात केनवडचं एक लग्न उरकून आम्ही उघड्या खाचराने, म्हणजे बिनछपराच्या बैलगाडीने, परतत होतो. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला; सकाळी निघताना टोपीचा योग जुळला होता, पण ऊन चढताच ती उतरून मामाजींच्या मांडीवर पदराआड, मामींच्याच पदराआड, विसावली होती. एका खाचेत चाक आदळलं आणि पाण्याचं मडकं फुटलं. पुढे थोड्याच वेळात मामी बोलता बोलता थांबल्या. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, डोळे फिरलेले. ऊन लागलं होतं. नाल्याच्या खोलगट भागात पाणी दिसत होतं, पण आणायला भांडं नव्हतं. मी आपलं उपरणं सोडू लागलो, तोवर मामाजी उतार उतरून गेलेही होते.

ते परत आले तेव्हा टोपी काठोकाठ भरलेली होती. त्यांनी ती मामींच्या डोक्यावर रिती केली, पुन्हा धावले, पुन्हा भरून आणली. मग ओलीचिंब टोपीच त्यांच्या डोक्यावर, अंबाड्यासकट, दोन्ही हातांनी घट्ट बसवली. "बोल वं, काई तरी बोल. टोपल्याले शिव्या दे, पन बोल!" वाशीम येईपर्यंत ते उघड्या डोक्याने उन्हात उभे राहून मामींवर सावली धरत होते. गावात शिरताना मामी पुटपुटल्या, "सायेब काय म्हनंल?" मामाजी भर रस्त्यात रडले.

टोपी मामींच्या डोक्यावरच वाळली आणि फेल्टने त्यांचंच माप घेतलं. काठ लाटेसारखा झाला, मागे अंबाड्याएवढा फुगवटा आला. मामाजींनी तो वाफेवर कधी धरला नाही. मामी त्यानंतर बरीच वर्षं राहिल्या, आणि गेल्या त्या साध्या तापाने.

दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा मामाजी ओसरीवर ब्रशखाली टोपी फिरवत होते, फुगवट्याला वळसा घालून. आत मामींच्या लुगड्याचा बोळा भरला होता. गाडीची शिट्टी झाली, पण ते उठले नाहीत. टोपी माझ्याकडे करून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "हा फुगा आता बसनार तं नाई ना, जवाईबापू?"

मी टोपी दोन्ही हातांनी काठाला धरून घेतली आणि म्हणालो, "नाही बसायचा, मामाजी."