दोन बहिणी आणि एक सोफा

चष्म्याचं दुकान असूनही चौकटकाकांना हे नाव पडलं ते सिनेमामुळे. वाचनालयात दर शनिवारी जुन्या काळावरचा एखादा सिनेमा दाखवत आणि तो संपून दिवे लागायच्या आत काकांचा हात वर झालेला असे. "गोष्ट सोडा हो, चौकट बघा! दारात कोण उभं आहे, उजेड कोणाच्या तोंडावर आहे!"

एका शनिवारी बड्या घराण्यातल्या दोन रुसलेल्या बहिणींचा सिनेमा होता. लांबलचक जेवणाचं टेबल, दोन टोकांना दोघी, मध्ये विझलेल्या मेणबत्त्या. शेवटी मात्र खिडकीजवळच्या एकाच बाकावर दोघी बसतात आणि दोघींच्या तोंडावर एकच ऊन पडतं. "शब्दही न बोलता समेट!" काका गहिवरून म्हणाले. "भांडण मिटवलं कोणी? त्या बाकानं!"

गहिवरायला कारण होतं. त्यांच्या थोरल्या आणि धाकट्या बहिणीत अबोला होता. धाकटीच्या मुलीच्या लग्नातल्या फोटोत ताईला मागच्या रांगेत उभं केलं होतं. पुढे एक धिप्पाड पाहुणा. ताईचा नुसता अंबाडा दिसत होता.

काकांनी बेत आखला. दिवाणखान्यातल्या सगळ्या खुर्च्या आतल्या खोलीत नेल्या, खिडकीजवळ एकटा सोफा ठेवला, बाकीचे पडदे ओढले.

"सिनेमा तुम्ही बघता की तो तुमच्या अंगात येतो?" बायकोनं विचारलं.

दोघींना एकमेकींचा पत्ता न लागू देता चहाला बोलावलं होतं. ताई आधी आली आणि सोफ्याच्या बरोब्बर मध्ये ऐसपैस बसली. मागोमाग धाकटी आली, ताईला बघून तिनं तोंड फिरवलं.

"दादा, खुर्च्या कुठे गेल्या?"

"पॉलिशला."

धाकटी फणकारून जमिनीवर बसायला वाकली आणि "आई गं!" म्हणून अर्ध्यातच थांबली.

"अरे, तिचे गुडघे गेलेत, ठाऊक नाही का तुला?" ताई भावावर कडाडली आणि सरकून बसली. धाकटी मुकाट्यानं शेजारी टेकली. ऊन थेट दोघींच्या डोळ्यांत.

"पडदा लाव!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"नको! उजेड दोघींच्या तोंडावर पडायला हवा," काका बोलून गेले.

झालं! धाकटी उठली, आतल्या खोलीत डोकावली. खुर्च्यांची चळत बघून तिनं कपाळावर हात मारला. "ताई, ह्यानं आपली मांडणी केलीय! लग्नातही हाच फोटोवाल्याच्या कानाशी लागून सांगत होता, हिला इकडे, तिला तिकडे!"

"म्हणजे मला मागे ह्यानं ढकललं?"

"मागे जरा उंची हवी होती," काका पुटपुटले.

"उंची! मी पाटावर उभी राहिले तरी ह्याच्या खांद्याला लागत नाही!"

धाकटीला हसू फुटलं, ताईचा आवाज मध्येच फाटला आणि तीही हसायला लागली. मग दोघींनी मिळून भावाला तासभर धुतलं. चहाचे तीन कप झाले. निघताना ताईनं धाकटीला हात धरून जिना उतरवला. काका खुर्च्या ओढत राहिले, एकटेच. बायकोनं बोटही लावलं नाही.

आता काका कधीही फोन लावोत, दोघींचाही लागत नाही. त्या एकमेकींशी बोलत असतात. कोणाविषयी, ते बायको सांगते, पण काका ऐकत नाहीत.